अंबारी, ओंडके आणि केळ्यांची टोपली

रविवार, बँकॉक

थायलंडला जाऊन हत्तीवर बसायचं की नाही, यावर विमानतळावर पोचेपर्यंत आमच्या घरात एकमत नव्हतं. लेकीला बसायचंच होतं. नवऱ्याला तिचा फोटो हवा होता. मला नको होतं, कारण साखळदंडांचे आणि अंकुशांचे व्हिडिओ मी बघून बसले होते. माझे सासरे, आप्पा, एवढंच म्हणाले, "आधी हत्ती तर बघू." आप्पांची उभी नोकरी वनखात्यात गेली. त्यातली काही वर्षं गडचिरोलीत, आलापल्लीच्या सागवानात. कमलापूरच्या खात्याच्या हत्तींना ओंडके ओढताना त्यांनी पाहिलंय, त्यामुळे या विषयात त्यांचा शब्द शेवटचा. त्यात आम्ही कोल्हापूरचे. २०२५ च्या जुलैत नांदणीच्या मठातली माधुरी हत्तीण कोर्टाच्या आदेशाने गुजरातेतल्या वनतारा केंद्रात गेली, तेव्हापासून आमच्याकडे जेवताना हत्तीचा विषय निघाला की भाकरी गार होते.

बँकॉकात हत्ती शोधावा लागत नाही, फक्त तो जिवंत नसतो. बिअरच्या बाटलीवर हत्ती, साबणावर हत्ती, फुटपाथवर ढीग घालून विकायला ठेवलेल्या ढगळ पायजम्यांवर हत्तीच हत्ती. लेकीने पहिल्या तासात दोन घेतले. पंधरा-वीस वर्षांपूर्वी इथल्या रस्त्यांवर खरे हत्तीही फिरायचे. रात्री गाड्यांना दिसावं म्हणून शेपटीला लाल दिवा बांधलेला, सोबत माहूत, आणि पर्यटकांना विकायला केळी-उसाच्या पिशव्या. २०१० मध्ये महापालिकेने दंड लावून ते बंद केलं. ते हत्ती शहरात का आले होते, हे पुढे लांपांगमध्ये नीट कळलं.

राजवाड्याच्या आवारात ब्राँझचे हत्ती आहेत. येणारा-जाणारा डोक्याला हात लावतो, त्यामुळे अंग काळपट आणि डोकं लखलखीत. दुपारी होडीने नदी ओलांडून वाट अरुण मंदिरात गेलो. तिथल्या उंच प्रांगच्या, म्हणजे शिखराच्या, वरच्या कोनाड्यांत इंद्र बसलाय, तीन तोंडांच्या ऐरावतावर. ग्रंथांत या ऐरावताला तेहतीस डोकी आहेत. मूर्तिकारांनी तीनवर भागवलं, आणि मला ते शहाणपणाचं वाटलं. संध्याकाळी एरावन देवस्थानी गेलो. भर चौकात, आकाशरेल्वेच्या खाली. १९५६ मध्ये शेजारच्या हॉटेलाच्या बांधकामात विघ्नं येऊ लागली म्हणून हे बांधलं. देव आहे ब्रह्मा, पण नवस फेडायला लोक लाकडी हत्ती आणून ठेवतात. लहान, मोठे, रांगेने. तिथून जवळच एका मोठ्या मॉलच्या दारात गणपती आहे. थायलंडच्या ललित कला खात्याच्या मुद्रेवरही गणपती आहे, आणि नाटक-सिनेमावाले काम सुरू करण्याआधी त्याला हात जोडतात. लाल फुलं वाहून, सरबताची बाटली ठेवून एक कॉलेजची मुलगी इतकी तल्लीन उभी होती, की आप्पांनी चपला काढल्या आणि तिच्या मागे जाऊन उभे राहिले.

एक गोष्ट मला आधी माहीत नव्हती. सयामच्या, म्हणजे जुन्या थायलंडच्या, झेंड्यावर १९१७ पर्यंत पांढरा हत्ती होता, लाल कापडावर. त्या वर्षी तिरंगी पट्ट्यांचा आताचा झेंडा आला. नौदलाच्या झेंड्यावर तो हत्ती अजून आहे.

सोमवार, अयुथ्या

बँकॉकहून रेल्वेने दीडेक तास. तिसऱ्या वर्गाचं तिकीट इतकं स्वस्त, की आप्पांना वाटलं पैसे परत करताना काहीतरी चुकलं. खिडक्या उघड्या, पंखे गरगरणारे, आणि डब्यात केळीच्या पानात बांधलेला भात विकणाऱ्या बायका. स्टेशनसमोरून छोट्या होडीने नदी पार केली की जुनं शहर. १३५१ ते १७६७, चारशेहून अधिक वर्षं ही सयामची राजधानी होती, आणि नाव अयोध्येवरून. ब्रह्मदेशाच्या सैन्याने १७६७ मध्ये जाळून उद्ध्वस्त केली. बुद्धाच्या बिनडोक्याच्या मूर्तींच्या रांगा बघून हंपीची आठवण झाल्याशिवाय राहत नाही.

पण आम्ही हत्तींच्या मागावर होतो. नदीकाठी सूरियोथाई राणीचा चेदी म्हणजे स्तूप आहे, पांढरा-सोनेरी. १५४८ च्या सुमारास ब्रह्मी स्वारीत राजा चक्रफत संकटात सापडला. राणी पुरुषी वेषात हत्तीवर बसून त्याच्यासोबत निघाली होती. तिने आपला हत्ती मध्ये घातला आणि वार स्वतःवर घेतला, अशी कथा. लेकीने विचारलं, "मग राजाने काय केलं?" गाइडने फार गोड उत्तर दिलं: "चेदी बांधला."

दुसरी कथा अयुथ्याच्या राजा नरेसुआनची, आणि ती प्रत्येक थाई मूल शाळेत शिकतं. १५९३ च्या जानेवारीत नोंग सराईजवळ नरेसुआनचा हत्ती मदात होता. तो सैन्याला मागे टाकून थेट ब्रह्मी फौजेत घुसला. समोर ब्रह्मी युवराज मिंजी स्वा, तोही हत्तीवर. नरेसुआनने त्याला द्वंद्वाचं आव्हान दिलं, दोघे हत्तीवरून लढले, आणि युवराज पडला. ब्रह्मी बखरी मात्र म्हणतात, तो गोळी लागून मेला. ते काही असो, १८ जानेवारी हा थायलंडचा सशस्त्र सेना दिन आहे तो या लढाईमुळे.

या चित्रांमध्ये एक गोष्ट मी निरखून पाहिली. युद्धाच्या हत्तीवर तिघं असत. योद्धा स्वतः मानेवर, हातात लांब दांड्याची तलवार. मधला माणूस मोरपिसांचे झुपके हलवून सैन्याला खुणा करायचा आणि हत्यारं पुढे द्यायचा. माहूत सगळ्यात मागे, पुठ्ठ्यावर. शिवाय खाली चार पायांना चार पायदळी, कारण हत्तीचा पाय तोडला की राजा जमिनीवर. म्हणजे हत्तीवर बसणं हे तेव्हा कसब होतं. ते राजपुत्राला लहानपणापासून शिकावं लागे, आणि जीव त्या कसबावर टांगलेला असे.

आणि मग वळणावर त्याच हत्तींचे आजचे वंशज दिसले. जुन्या भिंतींच्या बाजूने डांबरी रस्ता. त्यावर एकामागे एक हत्ती, पाठीवर लाल-सोनेरी झूल, झुलीवर लोखंडी बाक, बाकावर लाल छत्रीखाली दोन पर्यटक. माहूत लाल अंगरख्यात. पंधरा मिनिटांचा फेरा, अवशेषांसमोर थांबून फोटो, परत. शेजारून टुकटुक आणि बस. दुपारचे दोन वाजले होते आणि डांबरावर आमच्याच तळपायांना चटके बसत होते.

तिकीटखिडकीशी लेक घुटमळली. आप्पा मांडवाखाली बांधलेल्या एका हत्तिणीपुढे उभे होते. ती पुढच्या पायांवर एकसारखी डावी-उजवीकडे झुलत होती, मान त्याच तालात. जवळच स्पीकरवर गाणं लागलेलं. एक बाई कौतुकाने म्हणाली, "बघा, नाचतेय." आप्पा हळूच मला म्हणाले, "नाचत नाही गं. एका जागी फार दिवस बांधलं की असं लागतं त्यांना. पिंजऱ्यातला वाघ फेऱ्या मारतो ना, त्यातलंच." लेकीने ऐकलं. तिने तिकीट मागितलं नाही, पण रागावून तासभर कोणाशी बोललीही नाही.

गावाच्या उत्तरेला 'फेनियात' आहे. ते मात्र न चुकता बघा, तिथे पर्यटक कमी येतात. हत्तीपेक्षा उंच सागाचे जाड खांब तिरके रोवून केलेलं प्रचंड आवार, आणि एका बाजूला राजासाठी माडी. रानातून कळपच्या कळप पाळीव हत्तींच्या मदतीने हाकून इथे आणायचे. खांबांच्या मधून माणूस निसटू शकतो, हत्ती नाही. राजा वरून बघायचा, युद्धाला आणि कामाला योग्य ते हत्ती निवडले जायचे, बाकीचे परत सोडायचे. युद्धं संपली तरी हे चालू राहिलं, पाहुण्यांच्या मनोरंजनासाठी. रशियाचा युवराज निकोलस, म्हणजे पुढचा शेवटचा झार, १८९१ मध्ये आला तेव्हा त्यालाही हे दाखवलं होतं. कोल्हापूरच्या माणसाला इथे साठमारी आठवणारच. शाहू महाराजांच्या काळात हत्ती चिडवून त्याच्यापुढे धावायचे, आणि लपायला दगडी बुरूज. त्या जागेचं नाव आमच्या शहरात अजून साठमारीच आहे. आप्पा त्या खांबांमधून आत-बाहेर करून बघत होते. पोट अडकलं, पण निघाले.

मंगळवार, लांपांग

अयुथ्याहून रात्रीची रेल्वे धरली. वरचे बर्थ अरुंद, एसी असा की लेकीने दोन्ही हत्तीछाप पायजमे एकावर एक घातले. सकाळी लांपांग. घोडागाड्यांचं गाव, पण तिकडे आम्ही वळलोच नाही. चिआंग माईच्या रस्त्याला हांग छात तालुक्यात सरकारी हत्ती केंद्र आहे, सागवनात, टेकड्यांत. थायलंडच्या सरकारी वन-उद्योग महामंडळाचं. आधी इथलं काम काय, तर पिल्लांना ओंडके ओढायला शिकवणं. आता तेच हत्ती लोकांना ओंडके ओढून 'दाखवतात'.

हे समजायला थोडं मागे जावं लागेल. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी उत्तर सयामच्या सागवानावर युरोपी कंपन्या तुटून पडल्या. त्यातली एक होती बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन. १८६३ मध्ये मुंबईत नोंदलेली ही कंपनी आधी ब्रह्मदेशात आणि मग इथे. झाड आधी बुंध्याशी खाचून उभं वाळवायचं, मग पाडायचं. ओला साग तरंगत नाही. मग हत्तीने ओंडका ओढत ओढ्यापर्यंत न्यायचा, पावसाळ्यात पाणी चढलं की पिंग, वांग, योम, नान या नद्यांमधून खाली चाओ फ्रायापर्यंत सोडायचा. ओंडके अडकले की गुंता सोडवायला पुन्हा हत्तीच. या साऱ्या धंद्यात हत्ती म्हणजे यंत्र होता, आणि त्याची काळजीही यंत्रासारखीच घेत. तापलेल्या दुपारी काम बंद, उन्हाळ्यात सुट्टी, रात्री पायाला लांब साखळी घालून रानात चरायला मोकळा. आप्पा म्हणाले, "आमच्याकडे पण असंच. सकाळी माहूत साखळीची ओळ बघत जंगलात शोधायला जायचे. कधी दहा किलोमीटर लांब." नंतर थांबून म्हणाले, "काम कठीण होतं. पण चरायला जंगल होतं."

१९८८ च्या नोव्हेंबरात दक्षिण थायलंडमध्ये मोठा पूर आला. उघड्या बोडक्या डोंगरांवरून चिखल आणि तोडलेले ओंडके गावांवर कोसळले, शेकडो माणसं गेली. लोकांचा संताप इतका, की १९८९ च्या जानेवारीत सरकारने देशभर लाकूडतोडीचे ठेके रद्द केले. जंगलासाठी हा निर्णय चांगलाच. पण एका फटक्यात ओंडके ओढणारे हत्ती आणि त्यांचे माहूत बेकार झाले. हत्ती बेकार झाला म्हणून खायचं थांबत नाही. दिवसाला दीडशे-दोनशे किलो चारा लागतो. काही शहरात भीक मागायला गेले, तेच ते शेपटीला दिवा बांधलेले. काही ब्रह्मदेशाच्या सीमेवर चोरट्या तोडीला गेले. आणि उरलेल्यांच्या पाठीवर ओंडक्यांच्या दोरांऐवजी बाक आला. पर्यटकांची हत्तीची सफर आज थायलंडची प्राचीन परंपरा म्हणून विकली जाते, पण तिचा बहर या बंदीनंतरचा आहे. अयुथ्याच्या त्या लाल छत्रीचा नरेसुआनशी काही संबंध नाही. संबंध आहे तो १९८९ च्या त्या आदेशाशी.

सीमेवर गेलेल्यांचं काय झालं, ते केंद्राच्या शेजारच्या रुग्णालयाच्या इतिहासात आहे. 'फ्रेंड्स ऑफ द एशियन एलिफंट' या संस्थेने १९९३ मध्ये सुरू केलेलं हे हत्तींसाठीचं पहिलं रुग्णालय म्हणतात. १९९९ मध्ये इथे मोताला नावाची हत्तीण आली. सीमेजवळ काम करताना सुरुंगावर पाय पडून पुढचा डावा पाय गेलेला. त्यानंतर २००६ मध्ये मोशा, सात महिन्यांचं पिल्लू, तसंच सुरुंगाने जखमी. तिला कृत्रिम पाय बसवला, तेव्हा असा पाय मिळालेली ती जगातली पहिली हत्तीण ठरली. मोतालालाही २००९ मध्ये कायमचा कृत्रिम पाय मिळाला. मोशा वाढत गेली, तसे तिचे पाय नवे करावे लागले, शाळकरी पोरांच्या बुटांसारखे. हे सगळं ऐकताना लेक प्रश्न विचारून गाइडला भंडावून सोडत होती. पाय कशाचा करतात, रात्री काढतात का, खाज येते का. शेवटच्या प्रश्नाला उत्तर नव्हतं.

केंद्रात हत्तींची वाद्यमंडळीसुद्धा आहे, मोठमोठ्या झायलोफोनवर आणि घंटांवर सोंडेने बडवणारी. हत्तींचे जाणकार रिचर्ड लेअर आणि संगीतकार डेव्ह सोल्जर यांनी २००० च्या सुमारास ती उभी केली. मला त्या संगीतात फारसं काही कळलं नाही. चित्रं काढणारे हत्ती मात्र आवडले नाहीत. कान धरून उभा असलेला माहूत दिसत होता आणि फूल दरवेळी तेच येत होतं. हत्तीच्या लिदीचा कागद खूपच छान होता. आम्ही दोन वह्या घेतल्या. केंद्रात पाठीवर बसण्याचीही सोय होती, पण माहुतासारखं मानेवर बसायचं, बाकाविना. आप्पांच्या मते तेवढं हत्तीला जड जात नाही. हत्तीच्या पाठीच्या मणक्यांचे काटे वर निघालेले असतात, वजन नेमकं तिथे, दोऱ्या आणि लोखंड घालून, दिवसभर, हे वाईट. मान वेगळी. प्राण्यांच्या संस्थांना तेही मान्य नाही, आणि त्यांचं म्हणणं मुख्यतः शिकवण्याच्या पद्धतीवर आहे. याबद्दल उद्या.

बुधवार, मे तेंग

चिआंग माईच्या उत्तरेला तासाभराच्या अंतरावर मे तेंगचं खोरं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना हत्तींच्या छावण्यांच्या पाट्या. पूर्वी सगळ्यांवर बाकावर बसलेल्या गोऱ्या जोडप्याचे फोटो असायचे. आता निम्म्याहून जास्त पाट्यांवर 'सवारी नाही' लिहिलंय आणि फोटोत पर्यटक चिखलात हत्तीला कुरवाळतोय. हा बदल घडवण्यात या खोऱ्यातल्या 'एलिफंट नेचर पार्क'चा आणि तो चालवणाऱ्या सेंगदुआन 'लेक' चैलर्ट या बाईंचा मोठा वाटा. नव्वदच्या दशकात त्यांनी जखमी, म्हातारे हत्ती विकत घेऊन ठेवायला सुरुवात केली, तेव्हा आजूबाजूच्या छावणीवाल्यांनी त्यांना वेड्यात काढलं होतं. २०२४ च्या ऑक्टोबरात मे तेंगला महापूर आला, तेव्हा त्या पार्कातल्या दोन हत्तिणी वाहून गेल्या.

आम्ही गेलो ती छावणी छोटी होती, कारेन या डोंगरी जमातीच्या कुटुंबांची, मोजके हत्ती. सकाळी आधी केळी आणि उसाच्या कांड्या टोपल्यांत भरून दिल्या. हत्तीण सोंडेने पाच-सहा केळी एकदम उचलते आणि सालीसकट गट्ट. लेकीच्या हातात एकच केळं दिसलं की सोंडेचा फुत्कार. आप्पांनी टोपली माझ्याकडे दिली आणि हत्तीच्या पायाजवळ बसले. नखांच्या वरची कातडी हाताने चाचपली. "ओली आहे. बरी आहे ही." हत्तीला घाम येतो तो फक्त तिथे, आणि तिथली कातडी कोरडी पडली की माहूत आधी आजार ओळखतो. हे ऐकून छावणीचा म्हातारा माहूत आमच्या जवळ आला. भाषा वेगळी. गाइड इंग्रजीतून थाईत, थाईतून कारेनमध्ये करत होता, पण दोघांचं अर्धं बोलणं हातांनीच चाललं होतं. लीद फोडून आतलं गवत कसं चावलंय ते बघणं, कान किती वेळा हलतात ते बघणं, गंडस्थळावरून मद गळतोय का ते बघणं. आप्पा इतके खूश मी त्यांना निवृत्तीनंतर पाहिले नव्हते.

माहुताने सांगितलं ते असं. त्याच्या आजोबांनी हत्ती विकत घेतला, बापाने लाकूडतोडीला लावला, त्याने स्वतः पर्यटकांच्या बाकाला. आता पर्यटकच बाक नको म्हणतात, तर तो बाक काढून ठेवला. "हत्तीला बरं वाटतं का?" मी विचारलं. तो हसला. म्हणाला, पाठीवरच्या जखमा भरल्या. पण पूर्वी चार फेऱ्यांचे पैसे मिळायचे, आता दिवसभर माणसं हत्तीला खाऊ घालायला आणि आंघोळ घालायला येतात. हत्ती एकदा नदीत जाऊन बाहेर आला की तासाने पुन्हा पाण्यात, कारण दुसरा गट आला. आंघोळ ही काही निष्पाप गोष्ट नाही, हे मला तिथे पहिल्यांदा जाणवलं. २०२५ च्या जानेवारीत को याओ बेटावर एका स्पॅनिश तरुणीचा हत्तीला आंघोळ घालतानाच मृत्यू झाला. हत्तीने दात मारला. म्हणून आम्ही पाण्यात उतरलो नाही, काठावरून बघितलं. नवरा थोडा हिरमुसला.

आणि शिकवण्याची पद्धत. तिला 'फाजान' म्हणतात. पिल्लाला आईपासून तोडून लाकडी चौकटीत कोंडायचं, दोर, उपास, टोचणी, माणसाला घाबरेपर्यंत. सगळीकडे असंच आणि इतकंच क्रूर होतं असं नाही. छावणीत जन्मलेल्या पिल्लांना आता खाऊ देऊन शिकवणारेही आहेत. पण वयाने मोठा, लाकडाच्या काळातला प्रत्येक हत्ती कुठल्या ना कुठल्या रूपात यातून गेलेला आहे, मग तो बाकवाल्या छावणीत असो की 'सवारी नाही'वाल्या. ज्या हत्तिणीला लेक शांतपणे केळी भरवत होती, ती शांत होती ती उगीच नव्हे. 'नैतिक' पाटी लावली की हा भाग पुसला जात नाही.

पाटीबद्दलच आणखी एक. 'अभयारण्य' असं छावणीने स्वतःला म्हणवून घ्यायला इथे कुणाची परवानगी लागत नाही. आणि कायद्याच्या दृष्टीने पाळीव हत्ती हा १९३९ च्या ओझ्याच्या जनावरांच्या कायद्याखाली येतो, घोडा, बैल, म्हैस यांच्या शेजारी. त्याची मालकी कागदावर नोंदवतात, विकता येतो. रानटी हत्तीला वन्यजीव कायद्याचं संरक्षण. म्हणजे राष्ट्रीय प्राणी, १३ मार्च हा राष्ट्रीय हत्ती दिन, आणि देशात असलेल्या साडेतीन-चार हजार पाळीव हत्तींपैकी प्रत्येक जण कायद्याने ओझ्याचं जनावर.

२०२० मध्ये पर्यटक आलेच नाहीत. छावण्या बंद. कित्येक माहूत हत्ती घेऊन डोंगरांवरच्या आपापल्या कारेन गावांकडे चालत निघाले, काही दिवस-दिवस. आमचा हा माहूतही त्यांतलाच. गावी जंगल होतं, चारा होता. पैसा नव्हता. "तेव्हा हत्ती खूश होता," तो म्हणाला, "मी नव्हतो." परत आला.

परतीच्या गाडीत आप्पांना मी मुद्दाम विचारलं, "मग माधुरीचं काय बरोबर?" ते खिडकीबाहेर बघत राहिले. मग म्हणाले, "मठात होती ती एकटी. हत्ती एकटा नसावा, हे कोर्टाचं चुकलं नाही. पण तिच्या माहुताला कुणी विचारलं का, तो काय खाणार? इथे निदान माहूत हत्तीसोबत आहे." नवरा म्हणाला, "आप्पा, कोल्हापुरात हे बोलू नका." आप्पा म्हणाले, "तिथंच बोलायला हवं की." पुढचा अर्धा तास गाडीत फक्त एसीचा आवाज होता.

गुरुवार, चिआंग माई

दोई सुथेपच्या पायऱ्या चढायच्या की लिफ्टने जायचं, यात सकाळ गेली. पायऱ्या तीनशेच्या वर, दोन्ही बाजूंना लांबच लांब नाग. आप्पा लिफ्टने, आम्ही पायऱ्यांनी, आणि वर पोचलो तेव्हा ते आधीच चहा पीत होते.

मंदिराची कथा चौदाव्या शतकातली. राजा कुएनाला सुखोथाईहून एका भिक्षूने बुद्धाचा अवशेष आणून दिला. त्याचे दोन भाग झाले. एक वाट सुआन दोकमध्ये ठेवला, दुसरा एका पांढऱ्या हत्तीच्या पाठीवर ठेवून त्याला मोकळं सोडलं. जिथे तो थांबेल तिथे मंदिर. हत्ती डोंगर चढत गेला, शिखरावर तीनदा चीत्कारला आणि तिथेच प्राण सोडले. आवारात त्याची मूर्ती आहे. लोक पायांशी फुलं ठेवतात.

पांढरा हत्ती खरं तर पांढरा नसतो, गुलाबीसर-करडा असतो. तो ठरवायच्या खुणा आहेत: डोळे, टाळू, नखं, कातडी, अंगावरचे आणि शेपटीचे केस. सापडला की राजाला द्यायचा, मग त्याला मानाची पदवी, समारंभ, वेगळी हत्तीशाळा. १५६३ मध्ये ब्रह्मी राजा बायिन्नाउंगने अयुथ्याच्या राजाकडे असे दोन हत्ती मागितले आणि नकार मिळाल्यावर स्वारी केली. राजाला हत्ती द्यावे लागले आणि सोबत बरंच काही. १८६१ मध्ये राजा मोंगकुटने पांढऱ्या हत्तीच्या नावाचा राजसन्मान सुरू केला, तो आजही दिला जातो. आणि या हत्तीला कामाला जुंपत नाहीत. त्याच्या पाठीवर कोणी बसत नाही. ज्या देशात सर्वांत मान असलेल्या हत्तीवर बसायची कुणाची टाप नाही, तिथे आपण विमानाचं तिकीट काढून इतर सगळ्यांवर बसायला जातो. लेकीला हे सांगितलं, तर ती म्हणाली, "मग सगळ्यांना पांढरं ठरवायचं ना." मुद्दा बरोबर होता, पण चारा कोण देणार.

दुपारी वाट चिआंग मान. शहरातलं सर्वांत जुनं मंदिर, आणि चेदीच्या पायथ्याला चारी बाजूंनी खऱ्या हत्तीएवढे, पुढचं अर्धं अंग बाहेर आलेले हत्ती. जणू ते चेदी पाठीवर घेऊन उभे आहेत. लेकीने ते मोजले आणि आप्पांशी एका हत्तीवरून वाद घातला. संध्याकाळी चांग फुएक दरवाजा. शहराचा उत्तर दरवाजा, नाव पांढऱ्या हत्तीवरूनच. समोर रात्रीचा खाऊबाजार भरतो. डुकराचं मांस मऊ शिजवून भातावर देणारी एक गाडी प्रसिद्ध आहे. मालकीणबाई काउबॉय टोपी घालतात म्हणून. रांग लांब, पण लागली पाहिजे. आप्पांनी खाओ सोय, म्हणजे नारळाच्या दुधाच्या रश्श्यातल्या नूडल्स, मागितली आणि तिखट जास्त घालायला लावलं. पहिल्या घासानंतर म्हणाले, "कोल्हापूरचं तिखट नव्हे हे." तिसऱ्या घासानंतर पाणी मागितलं.

जाणार असाल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी. मार्चमध्ये हत्ती दिनाला छावण्यांमध्ये हत्तींना फळांची मेजवानी असते, ती बघायचा मोह होईल, पण त्या दिवसांत उत्तरेत शेतं आणि रानं जाळल्याचा धूर इतका, की डोळे चुरचुरतात आणि दोई सुथेप खालून दिसतसुद्धा नाही. छावणी निवडताना पाटी वाचू नका. फोन करून विचारा, हत्ती किती आणि दिवसाला माणसं किती घेता, रात्री हत्ती कुठे असतात, साखळी किती लांब, आणि माहुतांना पगार आहे की फक्त बक्षिसी. फोनवर उत्तर देताना जे अडखळतात, तिथे जाऊ नका. आणि केळी बाहेरून नेऊ नका, छावणीतलीच घ्या. बाहेरची फवारलेली असतात, असं आप्पांनी बजावलंय.